क्रिस्टल पॅलेसचा चषक नशिबाचा नव्हता

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

इंग्लंडचा एफए चषक जिंकणाऱ्या क्रिस्टल पॅलेस या दक्षिण लंडनच्या फुटबॉल क्लबला युरोपीय क्लबांच्या युरोपा लीगऐवजी त्याखालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये खेळावे लागणार आणि त्याविरुद्धचे क्लबचे अपील क्रीडा लवादाने फेटाळले, ही बातमी आपल्या क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळींत वाचायला मिळाली. मे २०२५ मध्ये याच क्लबने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवले, तेव्हाच्या आपल्या वृत्तातही सिटीचा मोसम कोरडा कसा गेला, अर्लिंग हालांडने पेनल्टी दुसऱ्याला का दिली आणि केव्हिन डी ब्रुइनचा निरोप कसा फिका पडला, यावरच सारा भर होता. विजेत्यांची बोळवण ‘अनपेक्षित धक्का’ आणि ‘नशिबाची साथ’ अशा दोन शेऱ्यांवर झाली होती. इंग्लिश फुटबॉल आवडीने पाहणारा आणि कोल्हापुरात स्थानिक सामन्यांच्या आयोजनात बरीच वर्षे खपलेला एक वाचक म्हणून माझा या दोन्ही वृत्तांवर आक्षेप आहे. पॅलेसला चषक नशिबाने मिळाला नाही, तो त्यांनी वर्षभराच्या शिस्तीने मिळवला. दुर्दैव त्यांच्या वाट्याला आलेच असेल, तर ते चषक मिळाल्यानंतर आले, आणि तेही मैदानाबाहेर.

या क्लबचे नाव १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभारलेल्या काचमहालावरून आले आहे. प्रदर्शन संपल्यावर तो महाल शहराच्या दक्षिणेला सिडनहॅमच्या टेकडीवर हलवण्यात आला आणि १९३६ मध्ये एका रात्रीत जळून गेला. त्याच्या आवारातील मैदानावर १८९५ ते १९१४ अशी सलग वीस वर्षे एफए चषकाचा अंतिम सामना होत असे. १९०५ मध्ये स्थापन झालेला आजचा व्यावसायिक क्लब सुरुवातीची दहा वर्षे याच मैदानावर खेळला आणि पहिल्या महायुद्धात नौदलाने ती जागा ताब्यात घेतली तेव्हा तेथून बाहेर पडला. म्हणजे ज्या चषकासाठी अवघा इंग्लंड देश झुरतो, तो दरवर्षी यांच्या अंगणात येत होता आणि दरवर्षी कोणीतरी परका तो उचलून नेत होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो यांच्या हाती लागला नाही. १९९० च्या उपांत्य सामन्यात त्यांनी लिव्हरपूलला ४-३ असे हरवले, आणि याच लिव्हरपूलने त्याच मोसमात त्यांच्यावर नऊ गोल चढवले होते. अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडशी ३-३ असा बरोबरीत सुटला, पण फेरसामना एका गोलाने गेला. २०१६ मध्ये पुन्हा युनायटेडच समोर होते. सामना संपायला बारा-तेरा मिनिटे राहिली असताना पॅलेसने आघाडी घेतली, ती लगेच गमावली आणि जादा वेळेत सामनाही गमावला. १९९१ चा फुल मेंबर्स चषक त्यांच्या कपाटात आहे, हे खरे. पण त्या स्पर्धेला मोठ्या विजेतेपदाचा मान कोणी देत नाही आणि ती आता होतही नाही.

या इतिहासात २०१० हे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्या वर्षी हा क्लब बंद पडण्याच्या बेतात होता. जानेवारीत त्याचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला, गुण कापले गेले, आणि शेफील्ड वेन्सडेच्या मैदानावर मोसमाच्या अखेरच्या दिवशी झालेल्या २-२ अशा बरोबरीमुळे तिसऱ्या श्रेणीत होणारी घसरण कशीबशी टळली. पुढे मैदानाच्या मालकीचा तिढा सुटेना, तेव्हा चाहते लंडनमध्ये बँकेच्या मुख्यालयासमोर जमले. स्टीव्ह पॅरिश आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, जे स्वतः क्लबचे चाहते होते, क्लब आणि मैदान विकत घेतले. २०१३ मध्ये क्लब प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत आला आणि त्यानंतर तेथेच टिकला. टिकणे हीच त्यांची बारा वर्षांची कमाई होती आणि त्याबद्दल त्यांना ‘ना वर ना खाली’ असे हिणवलेही जाई.

आता २०२४-२५ च्या मोसमाकडे वळतो. २०२४ च्या उन्हाळ्यात संघातील सर्वांत कसबी खेळाडू मायकेल ओलिसे बायर्न म्युनिकला गेला आणि अनुभवी बचावपटू योआकिम अँडरसन फुलहॅमला गेला. कर्णधार मार्क गेहीसाठी न्यूकॅसलने एकामागून एक प्रस्ताव दिले, ते मात्र पॅलेसने नाकारले. या नकाराची किंमत मेमध्ये वसूल झाली, असे मी म्हणेन. लीगमधील पहिल्या आठ सामन्यांत संघाला एकही विजय मिळाला नाही. तेरा सामन्यांनंतर खात्यात फक्त एक विजय आणि नऊ गुण होते. अशा वेळी प्रशिक्षकाची हकालपट्टी करणे हा प्रीमियर लीगमधील रिवाजच आहे. पॅलेसच्या व्यवस्थापनाने मात्र ऑस्ट्रियाच्या ऑलिव्हर ग्लासनर यांच्यावर विश्वास ठेवला. २०२२ मध्ये आइनट्राख्ट फ्रँकफुर्टला युरोपा लीग जिंकून देणारा हा माणूस फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबमध्ये आला होता आणि त्याला काय हवे आहे हे त्याला नेमके ठाऊक होते.

ग्लासनर यांची मांडणी सांगायला सोपी असली, तरी राबवायला फार कठीण आहे. तीन बचावपटू मागे, दोन्ही कडांना सतत वर-खाली धावणारे दोन खेळाडू, मध्यभागी दोघे, त्यांच्यापुढे मोकळ्या जागेत फिरणारे दोघे आणि शेंड्यावर एकटा आघाडीवीर जाँ-फिलिप माटेटा. चेंडू आपल्याजवळ किती वेळ राहिला याला या पद्धतीत महत्त्व नाही. चेंडू हिसकावल्यानंतरच्या आठ-दहा सेकंदांत काय केले जाते, याला आहे. त्यासाठी लागणारी माणसे नेमकी हेरलेली होती. उजव्या कडेचा कोलंबियन डॅनिएल मुन्योझ बेल्जियमच्या गेंक क्लबकडून आणला होता आणि मधल्या फळीतील ॲडम व्हॉर्टन दुसऱ्या श्रेणीतील ब्लॅकबर्नकडून. बचावातील मॅक्सन्स लाक्रुआ वोल्फ्सबर्गमध्ये, तर दाइची कामादा फ्रँकफुर्टमध्ये ग्लासनर यांच्याच हाताखाली खेळून आलेले होते. हिवाळ्यात घडी बसली आणि उरलेल्या पंचवीस सामन्यांत संघाने चव्वेचाळीस गुण मिळवले. एकूण ५३ गुण झाले, म्हणजे प्रीमियर लीगमधील क्लबचा स्वतःचा उच्चांक, तरी क्रमांक बारावाच राहिला. लीगचा तक्ता एवढाच बारावा क्रमांक दाखवतो आणि मला वाटते, आपल्या वार्ताहराने तेवढाच पाहिला असावा.

चषकाची वाट तिसऱ्या फेरीपासून सुरू झाली. स्टॉकपोर्टवर एका गोलाने आणि डॉनकॅस्टरवर दोन गोलांनी मिळवलेल्या विजयांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. खालच्या श्रेणीतील संघांशी खेळताना मोठा संघ जेवढे करतो तेवढेच ते होते. पाचव्या फेरीत १ मार्च २०२५ रोजी सेलहर्स्ट पार्क या पॅलेसच्या मैदानावर शेजारचा मिलवॉल क्लब आला. सामन्याच्या आठव्या मिनिटाला उंच आलेल्या चेंडूवर माटेटा धावला, त्याच वेळी मिलवॉलचा गोलरक्षक क्षेत्र सोडून पुढे आला आणि त्याची उचललेली लाथ चेंडूऐवजी माटेटाच्या कानशिलावर बसली. प्राणवायू देत त्याला मैदानाबाहेर नेण्यात आले. डाव्या कानाला पंचवीस टाके पडले. गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले आणि पुढे त्याच्यावर सहा सामन्यांची बंदी आली. पॅलेसने तो सामना ३-१ असा जिंकला. मुख्य आघाडीवीर सुरुवातीलाच गेल्यावर संघ विस्कटला नाही, याची नोंद घ्यायला हवी होती, कारण पुढे वेम्बलीच्या राष्ट्रीय मैदानावर जे घडले त्याची चुणूक येथेच दिसली होती. या सामन्याची तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

उपांत्यपूर्व सामन्यात फुलहॅमला त्यांच्याच मैदानावर ३-० आणि उपांत्य सामन्यात ॲस्टन व्हिलाला वेम्बलीवर ३-०. व्हिलाचा संघ त्याच महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत पॅरिस सेंट जर्मेनला घाम फोडून आला होता. अशा संघाविरुद्ध पेनल्टी वाया घालवूनही तीन गोलांनी जिंकणे याला नशीब म्हणायचे असेल, तर मग खेळात दुसरे काही उरतच नाही. व्हिलावरील या विजयाच्या दोनच आठवडे आधी, एप्रिलच्या मध्यावर, पॅलेसने मँचेस्टर सिटीविरुद्ध लीगमध्ये दोन गोलांची आघाडी घेऊन तो सामना ५-२ असा गमावला होता आणि त्यानंतर चार दिवसांनी न्यूकॅसलकडून पाच गोल खाल्ले होते. आठवड्यात दहा गोल खाणारा संघ महिन्याभरात त्याच सिटीला नव्वद मिनिटे आणि वर दहा मिनिटांच्या भरपाई वेळेत एकही गोल करू देत नाही. हा फरक प्रशिक्षकाने घडवला. सिटीला मध्यभागातून वाट द्यायची नाही, कडेने कितीही क्रॉस टाकू द्यायचे आणि गोलक्षेत्रात तिघा बचावपटूंनी हवेतील चेंडू काढायचे, असे धोरण १७ मेच्या त्या सामन्यात पहिल्या मिनिटापासून दिसत होते.

गोल सोळाव्या मिनिटाला झाला. माटेटाने मध्यरेषेजवळ पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरला, उजव्या कडेने मुन्योझ मोकळा सुटला, त्याने आत पास दिला आणि एबेरेची एझेने चेंडू जमिनीवर न थांबवता पहिल्याच फटक्यात जाळ्यात धाडला. शाळकरी वयात आर्सेनलने ज्याला नाकारले आणि त्यानंतर आणखी काही क्लबांनीही घरी पाठवले, तोच हा एझे. त्यानंतरचा सामना गोलरक्षक डीन हेंडरसनचा. मोसमाच्या सुरुवातीला त्याचे वडील वारले होते. टायरिक मिचेलने बर्नार्डो सिल्व्हाला पाडल्यावर सिटीला पेनल्टी मिळाली. हालांडने चेंडू ओमर मार्मूशच्या हाती दिला आणि हेंडरसनने उजवीकडे झेपावून तो अडवला. मार्मूश कोणत्या बाजूला मारतो याचा अभ्यास आपण केला होता, असे त्याने सामन्यानंतर सांगितले. या अभ्यासाला आपण नशीब म्हणतो का?

एका प्रसंगात मात्र पॅलेसचे दैव बलवत्तर होते, हे मान्य केलेच पाहिजे. पेनल्टीच्या थोडे आधी हालांडकडे जाणारा लांब चेंडू हेंडरसनने गोलक्षेत्राच्या बाहेर हाताने ढकलला. हालांडची दिशा गोलपासून दूर जाणारी होती, त्यामुळे ती गोलची उघड संधी ठरत नाही, असा निष्कर्ष व्हिडिओ पंचांनी काढला आणि हेंडरसन मैदानावर राहिला. हा निर्णय मला पटलेला नाही. इंग्लंडमधील अनेक माजी खेळाडूंनाही तो पटला नाही. पण दुसऱ्या सत्रात मुन्योझने केलेला गोल ऑफसाइडमुळे रद्द झाला, गेही दुखापतीमुळे बाहेर गेला आणि तरीही बचावाची भिंत ढासळली नाही. आपल्या वार्ताहराने शंभर मिनिटांच्या सामन्यातला तो एकच क्षण धरला.

सामना सुरू होण्यापूर्वी पॅलेसच्या प्रेक्षकांनी एक प्रचंड पडदा उघडला होता. त्यावर दोन मुलांना कवेत घेऊन गोलचा जल्लोष करणाऱ्या एका बापाचे चित्र होते. ते एका खऱ्या छायाचित्रावरून काढले होते. तो बाप काही वर्षांपूर्वी वारला आहे. आम्हा कोल्हापूरकरांना याचे अप्रूप वाटते, पण आश्चर्य वाटत नाही. पाटाकडील असो, शिवाजी तरुण मंडळ असो, दिलबहार असो की खंडोबा, येथे संघ हा पेठेचा आणि तालमीचा असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो आणि शाहू स्टेडियमवर बसण्याची जागासुद्धा त्यावर ठरते. सेलहर्स्ट पार्क हेही घरांच्या दाटीत, एका प्रेक्षागृहाच्या बाजूला सुपरमार्केट चिकटलेले, पंचवीस-सव्वीस हजारांचे जुने मैदान आहे. युनायटेड आणि सिटीचे चाहते मुंबई-पुण्यात हजारोंनी आहेत, त्यामुळे त्यांच्या हार-जितीला जागा मिळते, हे व्यवहार म्हणून मला समजते. तथापि ज्या राज्यात कोल्हापूरसारखे शहर आहे, त्या राज्यातील वृत्तपत्राने एका मोहल्ल्याच्या क्लबचा हा मोसम चार वाक्यांत गुंडाळू नये, असे वाटते.

या विजयाने पॅलेसला युरोपा लीगचा प्रवेश दिला होता. क्लबच्या इतिहासात युरोपातील मोठ्या स्पर्धेची ही पहिलीच पात्रता. तेथे आडवा आला तो मालकीचा नियम. एकाच मालकाचे निर्णायक वजन असलेले दोन क्लब युरोपातील एकाच स्पर्धेत खेळू नयेत, असा युएफाचा, म्हणजे युरोपातील फुटबॉल नियामक संघटनेचा, नियम आहे आणि तो मुळात योग्यच आहे. तो नसता, तर सामन्यांच्या निकालांवर संशय घेण्यास जागा राहिली असती. अमेरिकी गुंतवणूकदार जॉन टेक्स्टर यांच्या कंपनीकडे पॅलेसचे सुमारे ४३ टक्के भाग होते, पण मताधिकार पंचवीस टक्क्यांच्या आसपासच होता आणि रोजचा कारभार पॅरिश पाहत होते. याच टेक्स्टर यांचे फ्रान्सच्या लियाँ क्लबवर मात्र पूर्ण वर्चस्व होते, आणि लियाँही युरोपा लीगसाठी पात्र ठरला होता. दोघांपैकी एकालाच जागा मिळणार म्हटल्यावर, देशांतर्गत लीगमधील वरचा क्रमांक पाहून लियाँला ठेवण्यात आले. लियाँ सहावा आणि पॅलेस बारावा! आर्थिक बेशिस्तीबद्दल फ्रान्समधील नियामकांनी ज्या लियाँला जूनमध्ये दुसऱ्या श्रेणीत ढकलले होते आणि ज्याला ९ जुलैला अपिलात जीवदान मिळाले, त्याच लियाँसाठी दोनच दिवसांनी चषकविजेत्याची जागा राखली गेली. तोवर टेक्स्टर यांनी पॅलेसमधील आपला हिस्सा अमेरिकी उद्योगपती वुडी जॉन्सन यांना विकण्याचा करारही केला होता. त्याचा उपयोग झाला नाही, कारण मालकीची फेरमांडणी करण्याची मुदत १ मार्च ही होती.

१ मार्च म्हणजे तोच दिवस, ज्या दिवशी माटेटाच्या कानाला टाके पडत होते. त्या दिवशी पॅलेसचा संघ लीगमध्ये मधल्या क्रमांकांवर होता आणि चषकाच्या पाचव्या फेरीत मिलवॉलशी झुंजत होता. चषक जिंकून आपण युरोपात जाऊ, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते, तर त्याला सेलहर्स्ट पार्कवरच हसले असते. अशा क्लबने, पुढे कदाचित आपण पात्र ठरू आणि कदाचित फ्रान्समधील तो दुसरा क्लबही ठरेल, असे गृहीत धरून कोट्यवधींची भागविक्री १ मार्चपूर्वी उरकावी, अशी अपेक्षा नियमाने ठेवली. अनेक क्लबांचे जाळे बाळगणाऱ्या बड्या मालकांकडे हे पाहायला वकिलांची फौज असते आणि त्यांचे काही क्लब तर दरवर्षीच युरोपात जातात, त्यामुळे त्यांना ही मुदत पाळणे जड जात नाही. ती जड जाते ती पहिल्यांदाच पात्र ठरणाऱ्याला. क्लबच्या कायदा विभागाने याकडे आधी लक्ष द्यायला हवे होते, हा आक्षेप मी नाकारत नाही. नियम छापील होता आणि सर्वांना लागू होता. पण चूक भागधारकाच्या कागदपत्रांत असताना शिक्षा खेळाडूंच्या पायांना झाली, आणि रिकामी झालेली युरोपा लीगची जागा लीगमध्ये सातव्या आलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळाली, हेही तितकेच खरे आहे.

१० ऑगस्टला वेम्बलीवर पॅलेसने लीगविजेत्या लिव्हरपूलला कम्युनिटी शील्डच्या सामन्यात पेनल्टींवर हरवले आणि हेंडरसनने पुन्हा दोन पेनल्टी अडवल्या. लवादाने अपील फेटाळल्याचा निर्णय दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला आला. आपल्या चार ओळींच्या बातमीत या दोन दिवसांचा संबंध कोठेच नव्हता आणि मुदतीच्या तारखेचा उल्लेखही नव्हता, म्हणून हे पत्र लिहावे लागले. युएफाने या नियमात बदल करायचा असेल, तर लीगमधील स्थानावरून पात्र ठरणाऱ्यांसाठी १ मार्चची मुदत खुशाल ठेवावी. देशाचा चषक जिंकून पात्र ठरणाऱ्या क्लबला मात्र अंतिम सामन्यानंतर महिनाभराचा अवधी द्यावा आणि त्या अवधीत मालकी खरोखर हस्तांतरित झाली की नाही, एवढेच तपासावे. स्पर्धेची सोडत ऑगस्टअखेरीस निघत असल्यामुळे तेवढा वेळ वेळापत्रकात सहज बसतो.

आपला नम्र,
एक वाचक,
कोल्हापूर